फैजपूर ते परळ : कर्करोगाच्या उपचारात दूरवैद्यकाचे स्थान

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांनी वेढलेल्या फैजपूरचे नाव देशाच्या इतिहासात एका विशेष कारणाने नोंदले गेले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. तोपर्यंत मोठमोठ्या शहरांत भरणारी ही सभा खेड्याकडे आणण्याचा विचार त्या वेळी धाडसाचा वाटला होता. परंतु धनाजी नाना चौधरी प्रभृती कार्यकर्त्यांनी खानदेशातील शेतकऱ्यांच्या साहाय्याने तो सिद्धीस नेला.

आरोग्यसेवेच्या क्षेत्रात आज जवळजवळ तोच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा आहे. ताप, खोकला, प्रसूती यांसाठी लागणारी वैद्यकीय मदत तालुक्यात मिळू शकते. कर्करोगाचे मात्र तसे नाही. या रोगाचे निदान करणारे, शस्त्रक्रिया करणारे आणि किरणोपचार देणारे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. फैजपूर परिसरातील रुग्णाने भुसावळ गाठावे, तेथून सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून दादरला उतरावे आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहावे, हा मार्ग गेली अनेक दशके चालत आलेला आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले आणि १९६२ पासून केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेले हे रुग्णालय महाराष्ट्रातील खेडोपाडी केवळ 'टाटा' या नावाने ओळखले जाते. अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जावयाचे म्हटले, तरी अंतर सुमारे दोनशे किलोमीटर भरते.

हे अंतर दूरसंचाराच्या साधनांनी कमी करता येईल काय, येत असेल तर कोणत्या टप्प्यावर आणि किती, याचा विचार गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

विलंब कोठे होतो?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख १३ हजार व्यक्तींना नव्याने कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख १६ हजार रुग्ण या रोगाने दगावले. नव्या रुग्णांपैकी सुमारे १ लाख ९२ हजार स्तनाच्या, १ लाख ४४ हजार ओठ व तोंडाच्या आणि १ लाख २७ हजार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे होते. या तिन्ही प्रकारांत एक साम्य आहे. हे रोग शरीराच्या अशा भागी होतात, की ते डोळ्यांना दिसू शकतात अथवा हाताला जाणवू शकतात. त्यांच्या तपासणीचा प्रारंभ महागड्या यंत्राविना होऊ शकतो. असे असूनही अनेक रुग्ण रोग बळावल्यानंतरच तज्ज्ञापर्यंत पोहोचतात.

केळीच्या बागेत घड कापण्याचे काम करणाऱ्या एखाद्या मजुराचे उदाहरण घेतल्यास या विलंबाचे स्वरूप स्पष्ट होईल. वीस वर्षे तंबाखू-चुना खाणाऱ्या या मजुराच्या गालाच्या आतील बाजूस जखम झाली. दाताच्या घर्षणाने झाली असेल, अशी समजूत करून घेत त्याने दोन महिने काढले, हा पहिला विलंब. पुढे त्याला तोंडास लावावयाचे मलम मिळाले आणि आणखी दीड महिना गेला, हा दुसरा. नंतर जखमेचा तुकडा काढून तपासण्यात आला, अहवाल आला, परंतु पुढे कोठे जावे, किती खर्च येईल, शस्त्रक्रिया गावाजवळच उरकून घ्यावी काय, या विचारात महिना लोटला, हा तिसरा. उपचार पूर्ण झाल्यावर कापणीची मजुरी बुडते म्हणून त्याने फेरतपासणीस जाणे सोडले, हा चौथा. यांपैकी प्रत्येक विलंबाचे कारण निराळे आहे आणि त्यावरील उपायही निराळा आहे. दूरवैद्यकाची उपयुक्तता तपासावयाची ती या चार जागी.

दूरवैद्यक म्हणजे काय?

रुग्ण एका ठिकाणी आणि वैद्यकीय तज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी असताना दूरसंचाराच्या साधनांनी तपासणी, सल्ला आणि पाठपुरावा करण्याच्या पद्धतीस दूरवैद्यक अथवा टेलिमेडिसीन असे म्हणतात. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात रुग्ण व डॉक्टर पडद्यावर समोरासमोर येऊन बोलतात. दुसऱ्यात रुग्णाचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे वा जखमेची छायाचित्रे आधी पाठविली जातात आणि तज्ज्ञ आपल्या सवडीने ती पाहून मत कळवितो. कर्करोगाच्या बाबतीत हा दुसरा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. कारण उपचाराचा निर्णय बहुतांशी अहवालांच्या बारकाव्यांवर अवलंबून असतो. त्यासाठी अखंड चालणारी दृक्-संपर्क व्यवस्था लागत नाही. सातपुड्याच्या कुशीतील पाड्यांत, जेथे दूरध्वनीचे जाळे क्षणात येते आणि क्षणात जाते, तेथे ही बाब मोलाची ठरते. संपर्क मिळेल तेव्हा कागद पाठविता येतात.

बार्शीचा अनुभव

महाराष्ट्रात या पद्धतीचा कर्करोगासाठी उपयोग ही नवी गोष्ट नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय हे ग्रामीण भागातील रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय यांनी मिळून विकृतिशास्त्रीय निदानासाठी दूरसंचाराचा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २००४ साली राष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. रुग्णाच्या गाठीचा अथवा जखमेचा तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाचा, सूक्ष्मदर्शकास जोडलेल्या कॅमेऱ्याने त्याची चित्रे घ्यावयाची, ती संगणकाद्वारे पाठवावयाची आणि दूरच्या तज्ज्ञाने ती पाहून निदान कळवावयाचे. काचपट्टी घेऊन माणसाला मुंबईस धाडण्याची गरज यामुळे कमी होते.

या पद्धतीची एक मर्यादाही ध्यानात घेण्यासारखी आहे. काचपट्टीच्या कोणत्या भागाची चित्रे पाठवावयाची, हे पाठविणाऱ्याने ठरवावयाचे असते. महत्त्वाचा भाग चित्रात आलाच नाही, तर मुंबईचा निष्णात तज्ज्ञही काही करू शकत नाही. आता संपूर्ण काचपट्टीचे चित्रण करणारी यंत्रे उपलब्ध झाली असल्याने ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. तथापि, या टोकाला असलेल्या माणसाचे प्रशिक्षण तितकेच महत्त्वाचे आहे, हा धडा कायम राहतो.

बार्शीचे महत्त्व एवढ्यावरच संपत नाही. १९८७ पासून तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास या रुग्णालयाच्या सहभागाने झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या रोगास कारणीभूत होणाऱ्या विषाणूची एक वेळ तपासणी करून पुढील उपचार दिलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यातून दिसून आले. तपासणी आणि तिच्या पाठोपाठ उपचार, ही साखळी न तुटता ग्रामीण भागात राबविता येते, याचा हा पुरावा होय.

उपकेंद्रापासून प्रारंभ

मजुराच्या उदाहरणातील पहिला विलंब, म्हणजे लक्षणाकडे होणारे दुर्लक्ष, टाळण्याची जागा गावातच आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये निश्चित केलेल्या कार्यपद्धतीनुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी एकदा तपासणी करावयाची आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन एक प्रपत्र भरते. त्यात वय, तंबाखू व मद्याचे सेवन, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि कुटुंबातील आजार यांवरून गुण दिले जातात. चारपेक्षा अधिक गुण मिळणाऱ्या व्यक्तीस तपासणीसाठी अग्रक्रम द्यावयाचा असतो. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम, तोंड उघडण्यास होणारा त्रास, स्तनातील गाठ किंवा मासिक पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास मात्र गुणांची बेरीज न पाहता त्या व्यक्तीस तत्काळ पुढे पाठविले पाहिजे.

प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी हे काम करू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या दीर्घकालीन अभ्यासात, सौम्य आम्लाचे द्रावण लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी करण्यात आली. त्यामुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले. केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथे झालेल्या अभ्यासात आरोग्य कार्यकर्त्यांनी केलेल्या तोंडाच्या तपासणीमुळे तंबाखू व मद्य सेवन करणाऱ्यांमधील मृत्यूंत सुमारे ३४ टक्के घट झाली. त्या निष्कर्षांचे वर्ष २००५ होय.

आता या कामास डिजिटल साधनांची जोड मिळाली आहे. 'ई-संजीवनी' ही राष्ट्रीय दूरसल्ला सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. प्रगत संगणन विकास केंद्राच्या मोहाली शाखेने ती विकसित केली. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णास समोर बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रातील वा त्यावरील डॉक्टरशी संपर्क साधतो, हा तिचा एक प्रकार. रुग्ण घरूनच डॉक्टरशी बोलतो, हा दुसरा प्रकार १३ एप्रिल २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात सुरू करण्यात आला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेद्वारे देशभरात दहा कोटींहून अधिक सल्ले देण्यात आले होते.

पहिला प्रकार खानदेशासाठी अधिक उपयुक्त आहे. फैजपूर परिसरात लेवा बोली बोलणारे शेतकरी आहेत, तडवी आहेत, पावरा आहेत. दूरच्या डॉक्टरची प्रमाण मराठी वा हिंदी समजली नाही म्हणून रुग्ण नुसती मान हलवितो आणि संभाषण संपते. शेजारी बसलेला आरोग्य कर्मचारी प्रश्न समजावून सांगतो, दिव्याच्या प्रकाशात तोंडाचे नीट छायाचित्र घेतो आणि डॉक्टरने सांगितलेले कागदावर उतरवून देतो. यंत्राइतकीच या मध्यस्थाचीही आवश्यकता आहे.

पहिल्या उपचारापूर्वी सल्ला

दूरवैद्यकाचा सर्वांत मोठा लाभ मजुराच्या उदाहरणातील तिसऱ्या विलंबाच्या ठिकाणी, म्हणजे निदान झाल्यानंतर आणि उपचार सुरू होण्यापूर्वी मिळतो. कर्करोगात पहिला उपचार निर्णायक असतो. गाठ अपुरी काढली गेली, अथवा शस्त्रक्रियेपूर्वी औषधोपचार देणे आवश्यक असताना तो दिला गेला नाही, तर पुढे तीच चूक दुरुस्त करणे कठीण होऊन बसते. घाईने केलेली शस्त्रक्रिया ही अनेकदा उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेइतकीच हानिकारक ठरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी, किरणोपचारापूर्वी, औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी कर्करोगतज्ज्ञाचे मत घेणे, हा नियम प्रत्येक रुग्णाच्या आप्तांना माहीत असावयास हवा.

यासाठीची व्यवस्था आज अस्तित्वात आहे. २०१२ मध्ये अणुऊर्जा विभागाने टाटा स्मारक केंद्राच्या माध्यमातून राष्ट्रीय कर्करोग जाळ्याची स्थापना केली. देशातील तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था त्यात सहभागी आहेत. उपचाराच्या समान मार्गदर्शक पद्धती ठरविणे आणि गुंतागुंतीच्या रुग्णांविषयी निरनिराळ्या शहरांतील तज्ज्ञांनी दृक्-संपर्काद्वारे एकत्र बसून विचारविनिमय करणे, ही त्याची दोन महत्त्वाची कामे होत. शस्त्रक्रियातज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांचे एकत्रित मत लहान शहरातील डॉक्टरला अशा रीतीने उपलब्ध होते. याखेरीज टाटा स्मारक केंद्र व राष्ट्रीय कर्करोग जाळे यांच्या सहयोगाने 'नव्या' ही सेवा चालते. रुग्णाने आपले अहवाल संगणकाद्वारे पाठविल्यास त्यास तज्ज्ञांचे लेखी मत तीतून मिळू शकते.

असे मत मिळाल्याने प्रत्येक रुग्णाचा मुंबईचा प्रवास टळेल, असे नाही. परंतु कोणास मुंबईस जाणे अनिवार्य आहे, कोणाचा उपचार जळगाव, धुळे वा छत्रपती संभाजीनगर येथे तितक्याच योग्य रीतीने होऊ शकतो, आणि जाताना कोणत्या तपासण्या आधीच करून न्याव्यात, एवढे जरी आधी कळले, तरी दोन-तीन फेऱ्या वाचतात. जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्यास १९८९ पासून आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांच्या अवधीत दिवसभराच्या कर्करोगोपचाराची केंद्रे उभारण्याची घोषणा करण्यात आली आहे. तज्ज्ञाने आखून दिलेला औषधोपचार जिल्ह्याच्या ठिकाणी देणे, ही दिशा त्यामागे आहे.

कागदपत्रांची काळजी

दूरच्या तज्ज्ञासमोर रुग्ण नसतो, त्याचे कागद असतात. म्हणून कागद जितके चांगले तितका सल्ला चांगला. या संदर्भात काही गोष्टी रुग्णांच्या नातलगांना आवर्जून सांगण्यासारख्या आहेत.

तुकड्याची तपासणी झाल्यावर केवळ अहवाल घेऊन समाधान मानू नये. प्रयोगशाळेत मेणात बसविलेला तुकड्याचा ठोकळा आणि काचपट्ट्या असतात. पुढील रुग्णालय त्यांची मागणी हमखास करते. त्या न मिळाल्यास पुन्हा तुकडा काढण्याची वेळ येते.

सीटी स्कॅन वा एमआरआय यांच्या फिल्मचे उजेडात धरून मोबाईलने काढलेले छायाचित्र निदानास पुरेसे नसते. तपासणी केंद्राकडून सीडी मागून घ्यावी. अहवालाचे चित्र व्हॉट्सॲपवरून पाठविल्यास त्याची सुस्पष्टता कमी होते. ते मूळ दस्तऐवज म्हणून पाठवावे.

सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावावेत. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली प्रत्येक नागरिकास चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक घेता येतो. त्याच्याशी अहवाल जोडले गेल्यास रुग्णाच्या संमतीने ते दुसऱ्या रुग्णालयास पाहता येतात. तथापि, सर्व रुग्णालये या व्यवस्थेत येईपर्यंत कागदाची फाईल टाकून देणे इष्ट नाही.

उपचारानंतरचा पाठपुरावा

तोंडाच्या कर्करोगाने पुन्हा डोके वर काढले, तर ते बहुधा पहिल्या दोन वर्षांत काढतो. म्हणून पहिल्या वर्षी साधारणतः दर एक ते तीन महिन्यांनी फेरतपासणी सांगितली जाते. नेमक्या याच काळात कुटुंबाची आर्थिक शक्ती संपुष्टात आलेली असते. किरणोपचारासाठी सहा-सात आठवडे मुंबईत राहून, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी दिवस काढून परतलेला मजूर पुन्हा गाडीचे तिकीट काढण्यास कचरतो.

येथे दूरसल्ल्याने काही फेऱ्या वाचविता येतात. जखम भरली काय, गिळता येते काय, वजन घटले काय, नवी गाठ जाणवते काय, यांची चौकशी गावच्या उपकेंद्रातून करून, शंका आली तरच रुग्णास पुढे पाठविणे शक्य आहे. कोणती फेरतपासणी दूरसल्ल्याने चालेल आणि कोणत्या वेळी प्रत्यक्ष यावेच लागेल, हे रुग्णालयातून निघतानाच लिहून घ्यावे. प्रत्यक्ष जाणे आवश्यक असल्यास, कर्करोगाच्या रुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात प्रवासभाड्यात पूर्ण आणि सोबत्यास तीन-चतुर्थांश सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, ही माहितीही पुष्कळांना नसते.

एक इशारा येथे नमूद करणे आवश्यक आहे. कर्करोगाची इंजेक्शने चालू असताना रुग्णास १०० अंशांहून अधिक ताप आला, तर दूरसल्ल्याची वेळ येण्याची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते आणि काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

मर्यादा आणि नियम

गाठ हाताने चाचपणे, तुकडा काढणे, शस्त्रक्रिया करणे, किरण देणे ही कामे तारेवरून होत नाहीत. छायाचित्र पाहून कर्करोगाचा संशय घेता येतो. कर्करोग नाही, अशी ग्वाही त्यावरून देता येत नाही. छायाचित्रे पाहून संशयास्पद व्रण ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींनाही हाच नियम लागू आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जारी करण्यात आली. त्यानुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासच दूरसल्ला देता येतो. रुग्णाने स्वतः संपर्क साधला असल्यास त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचाऱ्याने संपर्क साधून दिला असल्यास रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. कोणती औषधे दूरसल्ल्यात लिहून देता येतात, याच्या याद्या ठरविण्यात आल्या आहेत. अंमली औषधांच्या कायद्याखाली येणारी औषधे मात्र अशा सल्ल्याने लिहून देता येत नाहीत.

कर्करोगाच्या दृष्टीने या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व मोठे आहे. बळावलेल्या रोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फीन हे प्रभावी औषध आहे आणि ते याच कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने या कायद्यात अत्यावश्यक अंमली औषधांसाठी सुलभ व्यवस्था करण्यात आली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवता येतात. परंतु रुग्णास वा त्याच्या आप्तांना अशा संस्थेपर्यंत प्रत्यक्ष जावेच लागते. फैजपूर परिसरातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची वेदना कमी करावयाची असेल, तर पडद्यावरील डॉक्टर पुरेसा नाही. जवळच्या अंतरावर हे औषध ठेवणारे आणि देणारे केंद्र असणे अपरिहार्य आहे. दूरवैद्यकाचा प्रसार होत असताना ही गरज नजरेआड होता कामा नये.

खासगीपणाचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. घरात एकच मोबाईल असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या हाती असतो. स्तनाच्या अथवा गर्भाशयमुखाच्या तपासणीविषयीचा संदेश अशा मोबाईलवर येणे स्त्रीला संकोचाचे वाटते आणि ती तपासणीच टाळते. अशा वेळी निरोप आशा कार्यकर्तीमार्फत तोंडी पोहोचविणे हितावह होय. रुग्णाची छायाचित्रे व अहवाल गावच्या संदेशगटावर टाकण्याचा प्रकार, हेतू मदतीचा असला तरी, सर्वथा अनुचित आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे.

खर्चाची तरतूद

महागड्या उपचाराच्या भीतीने रुग्ण घरी बसू नये, यासाठी राज्य शासनाने २ जुलै २०१२ रोजी आरोग्य विमा योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत धुळ्याचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ पासून ती जळगावसह उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २०२४ पासून तिचे संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांचा तीत अंतर्भाव आहे. उपचाराची पूर्वमंजुरी संगणकीय प्रणालीतूनच मिळते आणि अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र त्यासाठी साहाय्य करतो. शिधापत्रिकेवरील व आधारपत्रावरील नावातील फरक ही मंजुरी अडण्याचे एक साधे कारण असते. हा फरक आजारपण येण्यापूर्वीच दुरुस्त करून घेण्यास ग्रामपंचायत नागरिकांना मदत करू शकते.

गावाची जबाबदारी

राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू, मिसरी आदी धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के होते. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. या मनाईची अंमलबजावणी शिक्षकांच्या आणि पंचायतीच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. कोणतेही दूरवैद्यक तंबाखूच्या पुडीशी बरोबरी करू शकणार नाही.

तपासणी झालेल्या आणि संशयित ठरलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, हे विचारणारी एक ठरलेली व्यक्ती प्रत्येक गावात असणे ही दुसरी गरज आहे. संगणकावर 'पुढे पाठविले' अशी नोंद झाली म्हणजे रुग्ण पोहोचला, असे होत नाही. कांदेबागेची कापणी चालू असताना किंवा मृगबागेच्या लागवडीच्या दिवसांत मजूर घरी सापडत नाही. त्याला बांधावर जाऊन गाठावे लागते. ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीने महिन्यातून एकदा आरोग्य अधिकाऱ्यासमवेत बसून अशा रुग्णांचा आढावा घ्यावा. त्यांची नावे सभेत न वाचता, किती जणांना पाठविले, किती पोहोचले, किती राहिले आणि कशामुळे राहिले, एवढे पाहिले तरी पुरे. भाड्याचे पैसे, सोबतीस माणूस, मुलांना सांभाळण्यास शेजारीण, अशा अडचणी गाव मिळून सोडवू शकते.

१९३६ चे अधिवेशन फैजपूरला भरले, तेव्हा पाहुणे दुरून आले होते. पण मंडप उभारणे, पाणी पुरविणे, हजारोंची सोय लावणे ही कामे याच परिसरातील हातांनी केली. परळच्या तज्ज्ञाचे मत आता काही क्षणांत फैजपूरला पोहोचू शकते. ते मत हाती आल्यावर रुग्णाला वेळेवर उपचाराच्या दारापर्यंत नेण्याचे काम मात्र आजही गावच्याच माणसांना करावयाचे आहे.